रोज नट फिरवूनही लंबकाचं घड्याळ वेळेला का लागत नाही?

तुम्ही लिहिलंय की रोज सकाळी घड्याळ पुढे गेलेलं दिसलं तर लंबकाच्या गोळ्याखालचा नट थोडा खाली घेता, मागे पडलेलं दिसलं तर वर, तरी कधी चार सेकंद पुढे, कधी तीन मागे. आधी पंधरा दिवस नटाला हात लावू नका. मीही महिनाभर हाच उद्योग केला होता. घड्याळाची चूक कोणती आणि माझ्या हाताची कोणती, हेच कळेना.

रोज एकाच वेळी मोबाइलशी ताडून फरक वहीत लिहा, शेजारी खोलीचं तापमान लिहा. रोज न चुकता पाच सेकंद मागे पडणारं घड्याळ उत्तम समजा, ते पाच सेकंद नट एकदाच फिरवून जातात. आज पुढे, उद्या मागे हा प्रकार मात्र नटाने जाणार नाही.

सेकंदाला एक टिक करणारा लंबक साधारण 994 मिलिमीटरचा असतो. लांबीत 0.023 मिलिमीटरचा फरक पडला की दिवसाला एक सेकंद इकडचा तिकडे. नटाचे आटे अर्ध्या मिलिमीटरचे असतील तर पूर्ण एक फेरा म्हणजे जवळजवळ 22 सेकंद! पोलादी दांडी असेल तर एक अंश सेल्सिअस तापमान वाढलं की घड्याळ दिवसाला अर्धा सेकंद मागे पडतं. म्हणजे तुमचे चार सेकंद नुसत्या आठ अंशांतही येऊ शकतात. इन्व्हारच्या (उष्णतेने फारच कमी वाढणारा लोखंड-निकेलचा मिश्रधातू) दांडीत हा त्रास साधारण दहावा हिस्सा उरतो.

हेलकावाही बघा. मध्यापासून एका अंशाऐवजी दोन अंश झाला तर दिवसाला सुमारे पाच सेकंद मागे. म्हणून तेल सुकून हेलकावा आखडला की घड्याळ चक्क पुढे जाऊ शकतं, आपल्याला वाटतं त्याच्या उलट.

माझ्या घड्याळात दोष वेगळाच निघाला: पेटी एकाच खिळ्यावर लटकत होती आणि लंबकाबरोबर तीही किंचित डुलायची. दोन स्क्रूंनी भिंतीला आवळली, निम्मा गोंधळ मिटला.

शेवटचा एखादा सेकंद नटाने काढू नका, त्यासाठी लंबक थांबवावा लागतो. दांडीच्या मध्यावर छोटी ताटली बसवून त्यात वजन ठेवा, घड्याळ पुढे जातं. लंडनच्या बिग बेनला असंच एक जुनं पेनीचं नाणं दिवसाला 0.4 सेकंद पुढे नेतं. तुमचा लंबक सहा किलोचा असेल तर एक ग्रॅमला सुमारे 1.8 सेकंद. त्यामुळे वजनं कागदाच्या चिठोऱ्यांएवढी हलकी लागतील, आणि ठेवताना चिमटा वापरा.