वाचकांचे प्रश्न : गोड्या पाण्याचा जुना फिशटँक खाऱ्या पाण्यासाठी वापरता येईल का?

प्रश्न : माझ्या शेजाऱ्यांनी घर बदलताना त्यांचा दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच असा जुना फिशटँक मला अगदी अल्प किमतीत दिला. त्यात दोन गोल्डफिश असून खाली रंगीत खडी व स्पंज फिल्टर आहे. माझ्या मुलीला क्लाउनफिश पाळण्याची फार इच्छा आहे. याच पाण्यात हळूहळू मीठ वाढवत नेले तर चालेल का? कोकणातल्या आमच्या गावाहून समुद्राचे पाणी आणि किनाऱ्यावरचे पोवळ्याचे दगड आणणे शक्य आहे. गोल्डफिशचे काय करावे, हेही कळवावे.
– एक वाचिका, पुणे

उत्तर : आपली काच वापरता येईल, परंतु काचेखेरीज टँकमधले जवळजवळ काहीच पुढे नेता येणार नाही, हे आधी स्पष्ट करणे मला आवश्यक वाटते. जुन्या टँकविषयी मला सर्वांत अधिक काळजी वाटते ती त्यात पूर्वी घातलेल्या औषधांची. गोड्या पाण्यातील माशांना होणाऱ्या परजीवींवरील अनेक औषधांत तांबे असते. ते खडीत, फिल्टरच्या स्पंजात आणि काही प्रमाणात काचा जोडणाऱ्या सिलिकॉनमध्येही मुरून राहते व नंतर पाण्यात उतरते. माशांना सहन होणारी तांब्याची मात्रा गोगलगाय, कोळंबी यांसारख्या जीवांना मारक ठरते. शेजाऱ्यांना औषधांविषयी अवश्य विचारावे. रंगीत खडी व स्पंज टाकून द्यावेत, काच व्हिनेगरने पुसून भरपूर पाण्याने धुवावी, साबण मुळीच लावू नये. त्यानंतर टँक बाल्कनीत काठोकाठ भरून दोन दिवस ठेवावा, म्हणजे सांध्यांतून गळती असल्यास दिवाणखान्यात कळण्याऐवजी तेथेच कळेल. भरलेल्या टँकचे वजन साठ किलोंच्या पुढे जाते आणि लोखंडी स्टँड खाऱ्या पाण्याच्या शिंतोड्यांनी गंजतो, हे जागा ठरवताना लक्षात असू द्यावे.

स्वयंपाकाचे मीठ घालून समुद्राचे पाणी तयार होत नाही. समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट व बायकार्बोनेट असते आणि पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) ८.१ ते ८.३ च्या आसपास टिकून राहतो तो त्यातील बायकार्बोनेटसारख्या क्षारांमुळे. म्हणून मत्स्यालयासाठी मिळणारे सागरी मीठच घ्यावे. आपल्या टँकचे आकारमान ५६ लिटर असले तरी रेती व दगड वजा जाता सुमारे ४५ लिटर पाणी राहील आणि त्याला दीड ते पावणेदोन किलो मीठ लागेल. ते आरओच्या पाण्यात, स्वच्छ बादलीत विरघळवून मगच टँकमध्ये ओतावे. क्षारता लिटरमागे ३५ ग्रॅम असावी आणि ती मोजण्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा. या एका उपकरणावर काटकसर करू नये.

लहान टँक स्वस्त पडतो, पण तो सांभाळणे मोठ्यापेक्षा कठीण असते. पाण्याची वाफ होते तेव्हा मीठ मागेच राहते. ४५ लिटरांतील पाच लिटर पाणी उडाले की ३५ ची क्षारता ३९ च्या वर जाते. हेच पाच लिटर दोनशे लिटरांच्या टँकमधून उडाले तर क्षारता ३६ पर्यंतही पोहोचत नाही. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये पाणी थंड ठेवण्यासाठी टँकवर पंखा लावावा लागेल आणि त्यामुळे वाफ आणखी वाढेल. म्हणून काचेवर पातळीची खूण करून रोज तेथपर्यंत आरओचे बिनमिठाचे पाणी भरावे. खाऱ्या पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर समुद्राच्या पाण्यात सातहून कमी. म्हणूनच पाणी सतत खेळते ठेवणारा लहान पॉवरहेड आवश्यक आहे.

मासे लगेच आणू नयेत. माशांच्या विष्ठेतून येणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जीवाणू रुजण्यास चार ते सहा आठवडे लागतात. गोड्या पाण्यातील जीवाणू एकदम वाढलेल्या मिठात बहुतांशी मरतात, त्यामुळे जुन्या फिल्टरचा येथेही उपयोग नाही. शिवाय सामू जितका अधिक, तितका अमोनिया अधिक विषारी होतो. खारे पाणी भरलेल्या, पण मासे नसलेल्या टँकमध्ये माशांच्या खाद्याची चिमूट टाकत राहावे आणि चाचणी संचावर अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागल्यावरच लहान क्लाउनफिशची एक जोडी आणावी. ती प्रजनन केंद्रात वाढलेलीच मागावी. क्लाउनफिशचे बंदिस्त प्रजनन आपल्या देशातही होते, त्यामुळे समुद्रातून पकडलेले मासे घेण्याचे कारण उरत नाही. मुलीने निळ्या टँगचा हट्ट धरला तर तो मासा एक फुटापर्यंत वाढतो, हे तिला पट्टीवर दाखवावे.

पोवळ्याचे दगड मात्र कृपया आणू नका. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये प्रवाळांचा समावेश आहे, आणि किनाऱ्यावर पडलेला मृत तुकडाही यातून सुटत नाही. कायद्याचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तरी मालवणसारख्या किनाऱ्यांवरील मोजक्या प्रवाळांमधून आपल्या शोभेसाठी काही उचलणे मला पटत नाही. मत्स्यालयासाठी बनवलेले सच्छिद्र सिरॅमिक दगड जीवाणूंना तितकेच उपयोगी पडतात. किनाऱ्यालगतचे पाणीही आणू नये, कारण त्यात सांडपाणी व बोटींचे तेल असू शकते आणि पावसाळ्यात नद्यांच्या पुरामुळे त्याची क्षारता बरीच उतरते.

राहता राहिले गोल्डफिश. मॉलीसारखा एखादा मासा हळूहळू खाऱ्या पाण्याला सरावतो, परंतु गोल्डफिश समुद्राच्या क्षारतेत जगू शकत नाही. खरे तर दोन गोल्डफिशना हा टँकही अपुराच आहे. मोठा टँक किंवा बागेतले बंदिस्त कुंड असलेल्या ओळखीच्या व्यक्तीकडे ते सोपवावेत. पाषाण तलावात किंवा नदीत ते सोडू नयेत, कारण हौसेने पाळून नंतर सोडून दिलेल्या सकर माशाने उजनीच्या जलाशयात मच्छीमारांची जाळी आणि स्थानिक मासे या दोहोंचे मोठे नुकसान केले आहे.