सोलरच्या अनुदानाआधी घरातले पंखे मोजा

तुम्ही विचारलंय की महिन्याला 300 च्या आसपास युनिट जळतात, घरची वीज वाचवायला सरकार काही अनुदान देतं का, आणि एजंट म्हणतो तसं 5 किलोवॉटचं सोलर घेऊन टाकावं का. अनुदान मिळतं, चांगलं मिळतं. पण 5 किलोवॉट घेऊ नका. माझ्या घरचा वापरही तुमच्याएवढाच होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राची पीएम सूर्यघर योजना सुरू झाली. पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी 30,000 रुपये, तिसऱ्याला 18,000, आणि तिथे अनुदान संपतं. म्हणजे 3 किलोवॉटला 78,000 आणि 5 लाही 78,000 च. वरच्या दोन किलोवॉटचा सगळा खर्च तुमच्या खिशातून. आपल्याकडे 1 किलोवॉटमागे दिवसाला साधारण 4 युनिट धरतात, महिन्याला 120. पाच किलोवॉटची 600 युनिटं तुम्ही वापरणार कुठे? उरलेली वीज पुढच्या महिन्यांत वळती होते हे खरं, पण 31 मार्चला हिशेब होतो तेव्हा शिल्लक युनिटांना मिळणारा दर आपण भरतो त्या दराच्या जवळपासही नसतो.

मलाही एका विक्रेत्याने 5 च सांगितलं होतं. मी सही करणार होतो. त्याआधी बायको म्हणाली, आधी घरात वीज जाते कुठे ते तरी बघू. मग दोघांनी वही घेऊन एकेक वस्तू लिहून काढली. हॉलचा आणि आईच्या खोलीचा पंखा दिवसाचे पंधरा तास फिरतो. जुना पंखा 75 वॅटचा, बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) 30 वॅटच्या आत-बाहेर. एका पंख्यामागे महिन्याला 20 युनिटं वाचतात, दोघांची 40. उरलेल्या ट्यूबच्या जागी एलईडी लावल्या, आणि गिझर पहाटे लावून सगळ्यांच्या आंघोळी होईपर्यंत चालू ठेवायची सवय मोडली. वापर 310 वरून 240 वर आला. ही सुटलेली युनिटं बिलात वरच्या टप्प्यातली, म्हणजे 100 च्या पुढची, जिथे दर पहिल्या टप्प्याच्या दुपटीच्या घरात असतो. मग 2 किलोवॉटमध्ये काम भागलं. 540 वॅटच्या चार पॅनेल, अनुदान 60,000.

पंख्यांसाठी मला कुणी अनुदान दिलं नाही. पण पंखे, एलईडी आणि गिझर मिळून छतावरचा पूर्ण एक किलोवॉट वाचला, आणि तो सगळ्यात कमी अनुदानाचा किलोवॉट होता.

आता जिथे माझा दीड महिना गेला ते सांगतो. वीजबिल कुणाच्या नावावर आहे? आमचं वडिलांच्या नावावर होतं. ते जाऊन सहा वर्षं झाली होती. बिलावरचं नाव आणि अर्जदाराचं नाव एकच लागतं, त्यामुळे अर्ज तिथेच अडला. मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, पुण्याच्या भावाची सही, हे सगळं गोळा करावं लागलं. बिलावरचं ते नाव काढायला आईचं मनच होत नव्हतं. शेवटी तिच्याच नावावर केलं, तेव्हा ती तयार झाली. तुमचंही असं काही असेल तर उद्यापासून नावबदलाच्या मागे लागा, बाकीचं नंतर. बँक खात्यावरचं नावही तसंच हवं, कारण पैसे थेट खात्यात येतात.

आणि ते येतात सगळं झाल्यावर: पॅनेल बसली, नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा) लागला, तपासणी झाली, मग. तोवर पूर्ण रक्कम तुम्हाला उभी करावी लागते. हातात पैसे नसतील तर या योजनेसाठी बँका बिनतारण कर्ज देतात. "अनुदान आधी मिळवून देतो, आगाऊ एवढे भरा" असं कुणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा. अर्ज पीएम सूर्यघरच्या सरकारी पोर्टलवर स्वतः करता येतो, ग्राहक क्रमांक हाताशी ठेवा. पॅनेल देशात बनलेल्या सेलची, म्हणजे डीसीआर, असली तरच अनुदान मिळतं. कोटेशनवर हा शब्द लिहून घ्या.

छतावर एक दिवस स्वतः बसा. मी डिसेंबरात बसलो, कारण तेव्हा सावल्या सगळ्यात लांब पडतात. साडेतीनला पाण्याच्या टाकीची सावली नेमकी त्या जागेवर आली जिथे विक्रेता दोन पॅनेल लावणार होता. खडूने रेघ मारली आणि त्याला दाखवली. एका पॅनेलवर सावली पडली की ओळीतल्या बाकीच्यांचंही उत्पादन घसरतं. पुढच्या खेपेला त्याने सगळी मांडणी पूर्वेच्या कठड्याकडे सरकवली.

बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून सांगतो, लाइट गेली की हे सोलरही बंद पडतं. भर उन्हातसुद्धा. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या छतावरून शॉक बसू नये म्हणून ही सोय आहे आणि ती हवीच. लोडशेडिंगसाठी म्हणून सोलर घेत असाल तर बॅटरीचा वेगळा विचार करावा लागेल.

तुमच्या ओळखीत महिन्याला 100 युनिटांच्या आत वापर असलेलं कुणी असेल तर त्यांना महाराष्ट्र सरकारच्या स्मार्ट या छतावरच्या सोलरच्या योजनेबद्दल नक्की सांगा. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला 1 किलोवॉटसाठी केंद्राच्या 30,000 वर राज्याचे 17,500 मिळतात. ज्यांना खरी गरज आहे त्यांच्यापर्यंतच हे पोचत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. फ्लॅटमध्ये राहत असाल तर सोसायटीच्या लिफ्ट-पंपासाठीही किलोवॉटमागे 18,000 आहेत, तो विषय सभेत काढा.

मागच्या बारा महिन्यांचा वापर बिलावर छापलेला असतो. तेवढ्या भागाचा फोटो ग्राहक क्रमांक झाकून इथे टाका, आणि पंखे किती नि किती जुने तेही लिहा. किती किलोवॉट पुरेल ते मी बसून काढून देतो.