वाचकांचे प्रश्न : रेक्याविकमधले पारंपरिक जेवण

प्रश्न : जानेवारीअखेर आम्ही उभयता मुलाकडे आइसलँडला, रेक्याविक येथे जात आहोत. तेथील पारंपरिक पदार्थांच्या एका उपाहारगृहात आम्हाला जेवायला नेण्याचे त्याने ठरवले आहे. मी मासे-मटण खातो, पत्नी अंडेही खात नाही. तिथे कुजवलेला शार्क वाढतात असे ऐकून आम्ही धास्तावलो आहोत. काय मागवावे?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : शार्कची भीती आधी दूर करतो. ग्रीनलँड शार्कचे ताजे मांस विषारी असते, म्हणून ते सहा ते बारा आठवडे वाळू-खडीत दगडांखाली दाबून त्यातले पाणी निथळू देतात आणि मग चार-पाच महिने हवेशीर छपरीत टांगून सुकवतात. ‘हाउकार्ल’ या नावाने ताटात येणारा तुकडा त्यामुळे खाण्यास सुरक्षित असतो. अमोनियाचा उग्र दर्प मात्र राहतो. हे तिथले रोजचे अन्न नव्हे. ‘थॉर्री’ हा जुन्या पंचांगातला महिना १९ ते २५ जानेवारीदरम्यानच्या शुक्रवारी सुरू होतो आणि त्या दिवसांत असे जुने पदार्थ आवर्जून खाल्ले जातात. आपण नेमके तेव्हाच तिथे असाल.

भाईंदरची मिठागरे आणि उत्तनला बांबूंवर वाळणारे बोंबील आपण पाहिले असतीलच. आइसलँडच्या चहूबाजूंना समुद्र असूनही ऊन कोवळे आणि जळण तुटपुंजे, त्यामुळे खारे पाणी आटवून मीठ करणे तिथे अवघड होते. म्हणून लोकांनी मांस आंबट निवळीत, म्हणजे आपल्याकडे चक्का बांधल्यावर फडक्यातून गळते तशा पाण्यात मुरवले, धुरावर धरले आणि मासे मिठाविना गार वाऱ्यावर सुकवले. हे ध्यानात ठेवून जेवायला बसलात, तर ते ताट परके वाटणार नाही.

सुरुवात ‘हार्दफिस्कुर’ या सुक्या माशाने करावी. तो भाजत नाहीत, त्याला तिखटही लावत नाहीत. कुटून मऊ केलेला मासा धाग्याधाग्याने सोलायचा, त्यावर लोणी लावायचे आणि सावकाश चावायचे. पहिल्या घासाला तो लाकडासारखा लागतो, पण चावता चावता त्यात गोडवा उतरतो. सुक्या बोंबलावर वाढलेल्या माणसाला तो आवडेल, अशी माझी खात्री आहे. त्यानंतर मासा, बटाटा आणि कांदा पांढऱ्या सॉसमध्ये कुस्करून केलेला ‘प्लोक्फिस्कुर’ मागवावा. तो सौम्य असतो आणि सोबत गडद, ओलसर, गोडसर राय ब्रेड येतो. हा ब्रेड काही ठिकाणी गरम झऱ्यांजवळच्या तापलेल्या जमिनीत भांडे पुरून दिवसभर भाजतात. थंडी फार असेल तर कोकराच्या मटणाचे सूप उत्तम. धुरावलेले मटण, ‘हांगिक्योत’, पूर्वापार मेंढीच्या वाळल्या शेणाच्या धुरावरही करतात. गोवऱ्यांवरचा स्वयंपाक माहीत असलेल्यांना याचे नवल वाटू नये. ‘स्विद’ म्हणजे केस जाळून उकडलेली मेंढीची अर्धी मुंडी. ती मागवण्यापूर्वी समोर बसलेल्या पत्नीचा विचार करावा.

त्यांच्या जेवणाची खरी काळजी आधीच घ्यायला हवी, कारण जिथे धान्य आणि भाजीपाला पिकवणे कठीण होते, तिथल्या परंपरेत शाकाहारी माणसासाठी फारसे काही नाही. मुलाला उपाहारगृहात आधीच फोन करायला सांगा आणि केवळ ‘शाकाहारी’ न म्हणता मांस, मासे, अंडी आणि मांसाचा रस्सा यांपैकी काहीही चालत नाही, असे स्पष्ट कळवा. भाज्यांच्या सूपातही असा रस्सा असू शकतो. ‘स्किर’ हा साय काढलेल्या दुधाचा, बिनसाखरेच्या चक्क्यासारखा पदार्थ आहे; पण तो लावताना परंपरेने वासराच्या जठरातले रेनेट हे दूध गोठवणारे द्रव्य वापरत, म्हणून त्याचीही चौकशी करावी. राय ब्रेडच्या आइस्क्रीममध्ये अंडे असू शकते. लोणी लावलेला राय ब्रेड आणि उकडलेले बटाटे मिळतील, तरी निघण्यापूर्वी घरी थोडे खाऊन घेणे बरे.

टिप देण्याची तिथे प्रथा नाही आणि नळाचे पाणी निर्धास्त प्यावे.

शार्क शेवटी मागवावा, तोही दोघा-तिघांत मिळून एकच वाटी. टूथपिकला टोचलेला छोटा चौकोनी तुकडा वास घेत न बसता थेट तोंडात टाकावा, कारण त्याची चव दर्पाच्या मानाने बरीच सौम्य असते. त्यावर शहाजिऱ्याच्या वासाचे ‘ब्रेन्निवीन’ हे मद्य घेण्याची रीत आहे. आपण घेत नसाल तर लोणी लावलेल्या राय ब्रेडचा एक तुकडा हाताशी ठेवा.