लशींबद्दलच्या अफवा आणि भीती इतक्या सहज का पसरतात?

लस निरोगी माणसाला, बहुधा तान्ह्या मुलाला, टोचली जाते. त्यामुळे टळलेला आजार कोणाला दिसत नाही, पण त्या रात्री आलेला ताप मात्र सगळ्या घराला दिसतो, आणि पुढे जे काही घडेल त्याचे खापर लशीवर फुटते. तरीही सगळा दोष लोकांच्या अज्ञानाला देणे मला पटत नाही. प्लेगची लस तयार करणारे जंतुशास्त्रज्ञ डॉ. हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत ती आधी स्वतःला टोचून घेतली होती. परंतु त्याच वर्षी पुण्यात प्लेग कमिशनर रँडच्या अमलाखाली गोरे सोजीर रोगी शोधायला घरांत घुसून झडत्या घेत असताना लोकांनी सरकारी सुईवर विश्वास तरी कसा ठेवावा? पुढे १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे एकाच बाटलीतील लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. बाटलीत जंतू शिरले ते बहुधा ती गावात उघडताना झालेल्या हलगर्जीमुळे. मात्र ठपका आला तो हाफकिन यांच्यावर, आणि तो पुसला जायला १९०७ उजाडले. इतकी वर्षे अधिकृत खुलासा रखडला, तर लोक आपापल्या परीने कारण शोधणारच, आणि त्यांत सर्वांत भयंकर कारणच आधी गावोगावी पोहोचते.