डिकीत गांजा सापडला, पण कलम 50 ची नोटीस दिली नाही. केस उडेल का?

तुम्ही लिहिलंय की भावाची स्वतःची कार रात्री अकराला हायवेवर अडवली, डिकीतल्या दोन गोण्यांत 23 किलो गांजा निघाला, आणि ‘झडती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर हवी की मॅजिस्ट्रेटसमोर’ हे (म्हणजेच कलम 50 ची नोटीस) त्याला कोणी विचारलंच नाही.

या मुद्द्यावर केस उडणार नाही. अमली पदार्थांविरुद्धच्या एनडीपीएस कायद्याचं कलम 50 फक्त अंगझडतीपुरतं आहे. डिकी किंवा गोणी म्हणजे अंग नव्हे, हे सुप्रीम कोर्टाने 2005 मध्ये पवन कुमार प्रकरणात सांगितलं. बॅगेबद्दल 2023 मध्येही तेच सांगितलं. तरी दर दुसरा पक्षकार हाच मुद्दा घेऊन माझ्याकडे येतो.

आणि झडती बेकायदा ठरली म्हणजे माल पुराव्यातून आपोआप बाद होतो, हे अमेरिकन सिनेमातलं. आपल्याकडे तसं नाही.

तुमचं खरं काम कलम 42 शी आहे. फिर्याद उघडा आणि पहिला परिच्छेद वाचा. ‘गुप्त बातमीदारामार्फत खात्रीलायक बातमी मिळाली’ असं असेल तर ती बातमी लगेच लेखी घ्यायला हवी होती, तिची प्रत 72 तासांत वरिष्ठांकडे जायला हवी होती. सूर्यास्तानंतर वॉरंटशिवाय झडती घेतली, तर त्याची कारणंही लिहून ठेवायला हवीत. सरकारी पक्ष म्हणेल, रस्ता सार्वजनिक, म्हणून सार्वजनिक जागेतल्या झडतीचं कलम 43 लागतं, 42 ची गरज नाही. पण खासगी गाडी रस्त्यावर उभी राहिली म्हणून सार्वजनिक वाहन होत नाही. जगराज सिंग (2016) आणि बूटा सिंग (2021) या दोन्ही प्रकरणांत आरोपी यावरच सुटले. करनैल सिंग (2009) मात्र लक्षात ठेवा: उशीर झाला आणि कारण पटण्यासारखं असेल तर चालतं, काहीच केलं नसेल तर नाही. आधी बातमी नव्हती, साध्या नाकाबंदीत माल सापडला असेल, तर हा सगळा युक्तिवाद लंगडा पडतो.

मग पंचनामा. माझ्या एका केसमध्ये पंचनामा रात्री 2:10 ला संपलेला, गुन्हा नोंदला पहाटे चारला. तरी नमुन्याच्या पाकिटावरच्या लेबलवर गुन्हा रजिस्टर नंबर, त्याच शाईत, त्याच अक्षरात. उलटतपासणीत पंचाला विचारलं, सही कुठे केलीत? म्हणाला, ‘ठाण्यात, साहेब.’ लेबल जागेवर तयार झालं नव्हतं, हे आम्हाला वेगळं सिद्ध करावं लागलं नाही.

कलम 52ए प्रमाणे नमुने मॅजिस्ट्रेटसमोर काढले का, हेही बघा. पण तेवढ्या एका त्रुटीवर सुटका होत नाही, असं 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय.

जामिनासाठी वजन महत्त्वाचं. 20 किलोपेक्षा जास्त म्हणजे व्यापारी प्रमाण, आणि मग कलम 37 ची अट: आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे, हे कोर्टाला पटल्याशिवाय जामीन नाही. कायद्यात गांजा म्हणजे फुलं-फळं आलेले शेंडे. शेंडे सोबत नसलेली पानं आणि बिया त्यात मोजत नाहीत. देठ-पानांसकट सगळी गोणी काट्यावर टाकली असेल, तर 23 किलोतून 20 च्या खाली यायला किती लागतं?

स्टेशन डायरी आणि मुद्देमाल रजिस्टरच्या नकला वकिलांमार्फत मागवा. 1 जुलै 2024 किंवा त्यानंतरची झडती असेल तर व्हिडिओ शूटिंगही मागा. नवीन फौजदारी प्रक्रिया कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) ते बंधनकारक आहे. टोलनाक्याचं फुटेज मात्र फार दिवस ठेवत नाहीत. ते जपून ठेवण्याचा अर्ज याच आठवड्यात कोर्टात द्या.