बोअरच्या पाण्यात टीसीई निघालंय, मळी ओतू का?

प्रश्न : ताई नमस्कार, आमची सोसायटी भोसरीत आहे. शेजारच्या वर्कशॉपमध्ये पूर्वी पार्टचं ग्रीस काढायला सॉल्व्हंट वापरायचे. बोअरचं पाणी लॅबला दिलं तर त्यात ट्रायक्लोरोइथिलीन म्हणजे टीसीई निघालं. एक मेंबर म्हणतायत की बोअरमध्ये मळी आणि बॅक्टेरियाचं कल्चर ओता, सगळं साफ होईल. ओतू का?

उत्तर : नका ओतू दादा, कळकळीने सांगते. आयडिया हवेतली नाहीये, डिहॅलोकोकॉइड्स नावाचे बॅक्टेरिया खरंच आहेत, 1997 मध्ये अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यांची माहिती छापली, टीसीईमधला क्लोरीन एकेक करून काढत ते शेवटी इथिलीनपर्यंत नेतात, जे त्यामानाने निरुपद्रवी. पण त्यांना ऑक्सिजन अजिबात चालत नाही, म्हणून जमिनीत मळी, खाद्यतेल नाहीतर लॅक्टेट सोडतात, बाकीचे जंतू ते खाता खाता ऑक्सिजन संपवतात आणि त्यातून जो हायड्रोजन सुटतो त्यावर हे जगतात.

गोची मधल्या पायऱ्यांवर आहे. टीसीईचं आधी डायक्लोरोइथिलीन होतं, मग व्हिनाइल क्लोराइड, मग इथिलीन. नेमके बॅक्टेरिया नसले किंवा मळी आंबून पीएच घसरला की गाडी मध्येच अडकते, आणि अडकली कुठे तर कधीकधी व्हिनाइल क्लोराइडवर. कॅन्सर दोन्हींनी होतो, पण अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात टीसीईची मर्यादा लिटरला 5 मायक्रोग्रॅम आहे आणि व्हिनाइल क्लोराइडची 2, यावरून काय ते समजा.

त्यात आपल्याकडे खाली सगळा काळा पाषाण. पाणी भेगांमधून फिरतं, टीसीई पाण्याहून जड म्हणून खोल भेगांत जाऊन बसतं, तुमची मळी तिथवर पोचेलच कशावरून? हे काम भूजलतज्ज्ञाचं, आजूबाजूला निरीक्षण बोअर घेऊन महिनोन्महिने, कधी कित्येक वर्षं चालणारं.

आज काय करायचं तर ते पाणी पिणं, स्वयंपाक, आंघोळ सगळ्याला बंद करा. उकळून भागणार नाही, टीसीई उडून घरातल्या हवेत येतं, आणि टीडीएस मीटरला ते दिसतही नाही. रिपोर्ट प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी द्या. परत टेस्ट करताना वर सांगितलेली चारही नावं लॅबला लिहून द्या, आणि सॅम्पल थेट बोअरवरून काचेच्या बाटलीत काठोकाठ, आत बुडबुडा न ठेवता भरून घ्या, गच्चीवरच्या टाकीतून घेतलंत तर निम्मंअधिक उडून गेलेलं असू शकतं आणि रिपोर्ट उगाच चांगला येईल.