वाचकांचे प्रश्न : नाताळची तयारी आणि केजीची तयारी

प्रश्न : आम्ही वसईत राहतो. माझ्या मुलाला मार्चमध्ये चार वर्षे पूर्ण होतील आणि जूनमध्ये तो ज्युनिअर केजीत जाईल. नात्यातली त्याच्या बरोबरीची मुले अक्षरे लिहून दाखवतात, हा मात्र पेन्सिल हातात धरायलाही तयार नसतो. सध्या घरात नाताळची गडबड असल्यामुळे त्याला अभ्यासाला घेऊन बसायला सवड मिळत नाही. या दिवसांत काय करावे? (एक आई, वसई)

उत्तर : ज्या गडबडीमुळे सवड मिळत नाही असे तुम्ही म्हणता, तिच्यातच केजीची बरीचशी तयारी होऊ शकते, त्यासाठी मुलाला ‘तू मध्ये येऊ नकोस’ असे न सांगता कामात सामील करून घ्यावे लागेल. चार वर्षेही पूर्ण न झालेल्या मुलाने अक्षरे लिहावीत, ही अपेक्षाच मुळात अवाजवी आहे. या वयाचे मूल गोल काढते, आडव्या-उभ्या रेघा ओढते. तीन बोटांत पेन्सिल नीट धरण्याची पकड बहुतेक मुलांमध्ये चार ते सहा वर्षांच्या दरम्यान पक्की होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नेही तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून त्यात खेळ आणि कृती यांवर भर दिला आहे. तेव्हा आज बोटांना बळ हवे आहे आणि ते वहीपेक्षा तुमच्या स्वयंपाकघरात लवकर मिळेल.

कलकल, म्हणजे नाताळच्या फराळातले पिठाचे छोटे, गुंडाळलेले तळणीचे गोड पदार्थ, करायला बसाल तेव्हा त्यालाही एक काटा किंवा कोरा, स्वच्छ धुतलेला कंगवा द्या. पिठाची छोटी गोळी करायची, ती काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबून पसरायची आणि मग अलगद गुंडाळत सोडवून घ्यायची, या एका कृतीत अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांचा जो व्यायाम होतो, तोच पुढे पेन्सिल धरताना कामी येतो. त्याचे कलकल वेडेवाकडे होतील. ते त्याच्यादेखत मोडून पुन्हा करू नका, तसेच तळा. झालेले कलकल पाच-पाचच्या ढिगांत मांडायला सांगितले की मोजणीही होते. नेवऱ्यांच्या (करंज्यांच्या) कडा दाबणे आणि कातण फिरवणे हीही त्याच जातीची कामे आहेत. तळणीच्या वेळी मात्र त्याला स्वयंपाकघराबाहेरच ठेवावे.

गोठ्याचे, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याचे, काम याहूनही मोलाचे आहे. गोठ्यापुढे हिरवळ दिसावी म्हणून अनेक घरांत नाचणी किंवा गहू पसरट ताटलीत पेरतात. ती पेरणी आणि रोजचे पाणी मुलाकडे सोपवा आणि अंकुर काल केवढा होता, आज केवढा झाला, हे त्याला सांगू द्या. मूर्ती मांडताना ‘मेंढी गोठ्याच्या बाहेर, योसेफ मरियेच्या शेजारी, गाय मागे’ असे बोलत राहिले की बाहेर, शेजारी, मागे हे शब्द त्याला वस्तू हाताळता हाताळता कळतात, आणि वर्गात बाईंची सूचना समजण्यासाठी नेमके हेच शब्द लागतात. बाळ येशूची मूर्ती २४ डिसेंबरच्या रात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवायची नाही, हा नियम त्याने स्वतः पाळावा. बाळ येशूच्या भेटीला येणाऱ्या तीन राजांच्या मूर्तींना दूरच्या कोपऱ्यातून रोज थोडे पुढे सरकवत ६ जानेवारीला गोठ्याशी पोहोचवावे. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळपूर्वीच्या, चार रविवारी एकेक मेणबत्ती वाढत जाते, ती मोठ्यांनी पेटवावी आणि किती उरल्या हे त्याने सांगावे. धीर धरणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे हे चाळीस मुलांच्या वर्गात अक्षरओळखीपेक्षा अधिक उपयोगी पडते, असे माझे स्पष्ट मत आहे. नासरेथहून बेथलेहेम, मग जागा न मिळणे, मग गोठा, मग मेंढपाळ, हा येशूजन्माच्या गोष्टीचा क्रम मूर्ती हलवत त्याच्याच तोंडून येऊ द्या. क्रम चुकला तरी मध्येच दुरुस्त करू नका.

बाजारात सांताक्लॉजची चित्रे छापलेल्या सरावपुस्तिका मिळतात, त्यांवर पैसे घालवू नयेत. तुमच्याच पालघर जिल्ह्यात, बोर्डी आणि कोसबाड येथे, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तूंतून बालशिक्षण उभे केले. त्यांच्या शेजारी राहणाऱ्यांनी पुस्तिका कशाला शोधाव्यात? चांदणीच्या शेपटीसाठी पतंगाच्या कागदाला बोथट कात्रीने झालर कापणे त्याला जमेल. शेजाऱ्यांकडे फराळाची ताटली पाठवताना त्याला बरोबर न्या, बेल वाजवून ‘नाताळच्या शुभेच्छा’ त्यालाच म्हणू द्या. मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, जाताना शर्टाची बटणे आणि बुटांचे पट्टे तो स्वतः लावणार असेल, तर पंधरा मिनिटे आधी तयारीला लागा.

प्रश्न : माझा नातू साडेतीन वर्षांचा आहे. गेल्या नाताळात सांताक्लॉज दिसताच तो किंचाळून रडला आणि आईला सोडेना. शाळेतही असेच होईल का? (एक आजी, नालासोपारा)

उत्तर : या दोन गोष्टींचा थेट संबंध लावू नका. लहान मूल माणसाला चेहऱ्यावरून ओळखते आणि दाढी, टोपी, मुखवटा यांमुळे चेहराच झाकला जातो. त्यामुळे ही भीती या वयात सर्रास आढळते. छायाचित्रासाठी त्याला बळेच मांडीवर बसवू नये. घरात आजोबांनी त्याच्यासमोरच दाढी लावून आणि काढून दाखवली, मग त्यालाही लावायला दिली, तर भीती पुष्कळ ओसरेल. आईपासून दूर राहण्याचा सराव मात्र वेगळा हवा. कॅरोलच्या (नाताळगीतांच्या) तालमीला त्याला ओळखीच्या मावशीकडे अर्धा तास सोपवा, ‘दोन गाणी झाली की मी येते’ असे आईने सांगून निघावे आणि ठरल्याप्रमाणेच परतावे. त्याचे लक्ष नसताना गुपचूप निघून गेल्यास पुढच्या वेळी तो अधिकच घट्ट धरून बसेल.